पासष्ट हजार पाचशे पस्तीस बाइटांचं नाटक

फोंडा तालुक्यातल्या एका गावात देवळाच्या उत्सवाला दर वर्षी गावकऱ्यांचं मराठी नाटक होतं. गोव्यातल्या वाचकाला याचं महत्त्व सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो, की मुंबईला नोकरी करणारा माणूस एखाद्या वर्षी चतुर्थी चुकवील, पण नाटकात काम असलं तर रजा टाकून हजर होतो. या नाटकांचे फोटो गावच्या वाचनालयाने २००९ पासून एका संकेतस्थळावर ठेवले होते. ते बांधलं होतं गावातल्याच एका कॉलेजच्या मुलाने, पीएचपी ही वेबची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून. मुलगा पुढे परदेशी गेला. होस्टिंगचे पैसे कुणी ना कुणी भरत राहिलं. गेल्या पावसाळ्यात ग्रंथपाल ताईंचा फोन आला, "हे आता बंद करायचंय, त्याआधी आतले फोटो तेवढे काढून द्या."

अर्ध्या दिवसाचं काम, असं मी त्यांना सांगितलं. झाले अकरा दिवस.

सर्व्हरवर फोटोंचा फोल्डर शोधला, तर तो नव्हताच. सगळे फोटो डेटाबेसमध्ये, एकाच टेबलातल्या एका ब्लॉब रकान्यात भरलेले. ब्लॉब म्हणजे नुसते बाइट. त्यांना नाव नाही, शेवटी डॉट जेपीजी नाही, काही नाही. ओळी ११४६. शेजारी ‘प्रकार’ नावाचा एक रकाना होता, त्याला पाहून बरं वाटलं, पण ते क्षणभरच. सगळ्या ११४६ ओळींत एकच मजकूर होता, ‘इमेज/जेपेग’. प्रोग्रॅममध्ये तो शब्द ठोकूनच ठेवला होता. जे काही चढवाल ते जेपेग.

मग इतकी वर्षं पानावर फोटो दिसत होते ते कसे? ब्राउझर चित्राच्या बाबतीत सर्व्हरने सांगितलेल्या प्रकारावर फारसा विसंबत नाही. तो आरंभीचे बाइट स्वतः पाहतो आणि पीएनजी असेल तर पीएनजी म्हणून दाखवतो. सर्व्हर चुकीचं सांगत होता आणि ब्राउझर ते निमूट सावरून घेत होता. त्यामुळे चूक पंधरा वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. मला मात्र प्रत्येक ब्लॉबची फाइल करायची होती, तिला खरं एक्स्टेन्शन द्यायचं होतं, आणि त्यासाठी कच्चे बाइट पाहूनच प्रकार ठरवणं भाग होतं. हत्यार पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. मला तीच येते.

पहिली चूक माझीच

होस्टिंगवरून डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या माहितीची एका फाइलीतली प्रत, उतरवला आणि तो वाचायला छोटा प्रोग्रॅम लिहिला. फाइल उघडताना पायथनने एन्कोडिंगची, म्हणजे बाइटांची अक्षरं जुळत नसल्याची, तक्रार केली. सवयीने मी ‘एरर्स’ला ‘रिप्लेस’ असं लिहून टाकलं. तक्रार थांबली. ही सवय मराठी मजकुराच्या मोडक्या फाइली वाचताना लागलेली आहे, आणि तिथे ती खपते.

मग प्रत्येक ब्लॉबचे पहिले सोळा बाइट हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांच्या पद्धतीत, छापून पाहिले. जेपेग असेल तर आरंभ एफएफ डी८ एफएफ असा हवा. एकही तसा नव्हता. जवळपास सगळ्यांचा आरंभ ईएफ बीएफ बीडी, पुन्हा ईएफ बीएफ बीडी, पुन्हा तेच. हे तीन बाइट म्हणजे यूटीएफ-८ मधलं (मजकूर बाइटांत लिहायच्या पद्धतीतलं) बदली चिन्ह, काळ्या चौकटीतलं ते प्रश्नचिन्ह. एफएफ हा बाइट यूटीएफ-८ मध्ये कधीच वैध नसतो. पायथनला तो मजकूर म्हणून वाचायला लावला, तेव्हा त्याने प्रत्येक न जुळणाऱ्या बाइटाच्या जागी बदली चिन्ह ठेवलं. मूळ बाइट कोणता होता याची खूणसुद्धा उरली नाही. गंमत म्हणजे जेपेगच्या आतली खुणेची ‘जेएफआयएफ’ ही चार अक्षरं साफ दिसत होती. साधी अक्षरं असल्यामुळे ती वाचली. फक्त शून्यापासून मोजून सहाव्या जागेऐवजी चौदाव्या जागी सरकली होती, कारण आधीच्या चार बाइटांचे बारा झाले होते.

इथे मला पीएनजी तयार करणाऱ्यांचं कौतुक वाटलं. १९९६ साली हा प्रकार ठरला तेव्हा त्याची सही आठ बाइटांची ठेवली: ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए. मधले तीन म्हणजे पी, एन, जी. बाकीचे पाच शोभेचे नाहीत. पहिला ८९ (हेक्समधला, म्हणजे आपले १३७) मुद्दाम १२७ च्या वरचा आहे. वाटेत कुणी फाइल सात बिटांची समजून हाताळली किंवा मजकूर समजून बदलली, तर पहिला घाव त्याच्यावर पडतो. ०डी ०ए ही विंडोजची ओळ संपवायची जोडी. कुणी ओळींचे शेवट ‘दुरुस्त’ केले की ती मोडते. शेवटचा एकटा ०ए उलट दिशेच्या दुरुस्तीसाठी. १ए डॉसमध्ये फाइल पडद्यावर छापली तर तिथेच थांबवतो. थोडक्यात, ही सही नुसती ओळख सांगत नाही, वाटेत कुठे मार बसला तेही सांगते. माझ्या बिघडलेल्या पीएनजींत पहिला बाइट गेला होता, पण ०डी ०ए जागेवर होते. म्हणजे ओळींच्या शेवटांना धक्का लागला नव्हता, दोष फक्त मजकूर म्हणून वाचण्याचा. जेपेगच्या तीन बाइटांवरून इतकं कळलं नसतं.

सर्व्हर अजून चालू होता हे नशीब. या खेपेला डंप घेताना हेक्स-ब्लॉब हा पर्याय लावला. त्यामुळे प्रत्येक ब्लॉब शून्य-एक्सने सुरू होणाऱ्या हेक्स अंकांच्या माळेत आला. साधी अक्षरं, बिघडायला काही नाही. पायथनच्या ‘बाइट्स’मधल्या ‘फ्रॉमहेक्स’ने ती माळ परत बाइटांत आणली. आकार दुप्पट झाला, झोप परत आली.

जुनं हत्यार आणि १७६ अनोळखी

प्रकार ओळखायला पायथनबरोबरच ‘इमेजएचडीआर’ नावाचं एक लहानसं मॉड्यूल वर्षानुवर्षं येत असे. त्यातलं ‘व्हॉट’ हे फंक्शन फाइलचे पहिले ३२ बाइट वाचून जेपेग, पीएनजी, जीआयएफ असं नाव सांगायचं. माझ्या लॅपटॉपवर पायथन ३.१३, आणि त्याने असं मॉड्यूलच नाही म्हणून हात वर केले. २०२२ च्या ३.११ आवृत्तीत ते कालबाह्य ठरवलं गेलं आणि २०२४ च्या ३.१३ मध्ये प्रमाण संग्रहातून काढूनच टाकलं. जे कुणी सांभाळत नाही असं बरंच सामान तेव्हा निघालं. ज्या प्रस्तावानुसार ते निघालं त्याचा क्रमांक ५९४. ऑफिसच्या जुन्या संगणकावर ३.८ होतं, तिथे चालवलं.

जेपेग ८६४, पीएनजी ६४, जीआयएफ २३, बीएमपी १२, टिफ ७. उरलेल्या १७६ ओळींसमोर ‘नन’. म्हणजे ओळख नाही.

मॉड्यूल काढलं म्हणून नेटवर बऱ्याच जणांनी हळहळ केली होती. त्याचा सोर्स उघडून पाहिल्यावर माझी हळहळ ओसरली. जेपेग ओळखताना ३.८ मधलं हे मॉड्यूल आरंभीचे एफएफ डी८ पाहतच नाही. शून्यापासून मोजून सहाव्या जागेपासून चार अक्षरं ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ (कॅमेऱ्याने भरलेल्या माहितीची खूण) आहेत का, एवढंच पाहतं. दारावरची पाटी सोडून आत सोफा कुठल्या रंगाचा आहे यावरून घर ओळखण्यासारखं. जेपेगच्या पहिल्या दोन बाइटांनंतर येणारा खंड जेएफआयएफचाच किंवा एक्झिफचाच असला पाहिजे असा नियम नाही. कधी एफएफ ईई येतो, त्यात ‘अडोबी’ हा शब्द असतो. कधी एफएफ ई२ येतो, त्यात रंगांची प्रोफाइल असते. १७६ पैकी ११८ अशीच अस्सल जेपेग निघाली. बहुतेक उत्सवाच्या स्मरणिकेसाठी छापखान्याने तयार केलेली, चार शाईंच्या रंगांतली. गावातल्या लोकांनी ती छापखान्याच्या सीडीवरून उचलून तशीच चढवली होती.

उरली ५८. त्यांतली २१ पण जेपेगच, फक्त आरंभी कचरा. कुठे यूटीएफ-८ ची खूण असलेले तीन बाइट, कुठे दोन-तीन रिकाम्या ओळी. पूर्वीच्या एका संकेतस्थळावरून फोटो ओढून आणताना त्या पानाच्या पीएचपी फाइलीतली रिकामी जागा फोटोच्या पुढे चिकटली होती. त्याच ओढाओढीत तीन ठिकाणी फोटोऐवजी ‘पान सापडले नाही’ असं सांगणारं एचटीएमएल डेटाबेसमध्ये जाऊन बसलं होतं. चौदा ब्लॉब बेस६४ चा मजकूर होते, म्हणजे चित्राचे बाइट साध्या अक्षरांत मांडलेले. हे एकदा ओळखायला आलं की सोपं असतं: जेपेगचं बेस६४ कायम स्लॅश-नऊ-जे-स्लॅशने सुरू होतं आणि पीएनजीचं छोटा आय, मग मोठे व्ही-बी-ओ-आर. कारण पहिले बाइट ठरलेले, म्हणून पहिली अक्षरंही ठरलेली. पाच पीडीएफ आमंत्रणपत्रिका. नऊ ओळी पूर्ण रिकाम्या. शेवटचे सहा फोटो आयफोनचे. २०१७ पासून आयफोन फोटो हाइक प्रकारात ठेवतो. त्याच्या पहिल्या चार बाइटांत लांबी असते आणि ओळख चौथ्या जागेपासून, ‘एफटीवायपी’ आणि त्यापुढे ‘एचईआयसी’ अशी. एमपी४ व्हिडिओतही तेच ‘एफटीवायपी’ असतं, त्यामुळे पुढची चार अक्षरं वाचल्याशिवाय निकाल देऊ नये. वेबपी या चित्रप्रकाराचंही तसंच. आरंभी ‘आरआयएफएफ’, पण तोच शब्द वेव्ह आवाजाच्या फाइलीतही असतो. खरी ओळख आठव्या जागेवरच्या ‘वेबपी’त.

आणि ज्यांना ओळख मिळाली होती ते तरी बरोबर होते का? बीएमपीची सही दोनच अक्षरांची, बी आणि एम. बारा बीएमपींपैकी एक काही केल्या उघडेना. हेक्समध्ये पाहिलं, तर आत कुणाचा तरी इंग्रजी निरोप होता, की बीएमपी फोटो फार मोठा आहे, सीडीवर देतो. निरोपाचा पहिलाच शब्द बीएमपी. मॉड्यूलने तो चित्र म्हणून पास केला होता. ताईंना दाखवला तर त्या म्हणाल्या, "ती सीडी आली नाही ती नाहीच."

मी लिहिलेलं फंक्शन पन्नासेक ओळींचं झालं. जेपेगसाठी आरंभी एफएफ डी८ एफएफ एवढंच पाहायचं, त्यापुढचा खंड कोणताही असो. आरंभी कचरा असेल तर ही त्रयी पहिल्या सोळा बाइटांतच शोधायची, सबंध ब्लॉबमध्ये नाही. का, ते पुढे येईल. जीआयएफची सही ‘८७ए’ किंवा ‘८९ए’ यांपैकी एका आवृत्तीसकट पूर्ण सहा अक्षरांची. टिफमध्ये दोन आय आणि मग २ए ००, किंवा दोन एम आणि मग ०० २ए. आय म्हणजे इंटेलची उलटी बाइट-पद्धत, एम म्हणजे मोटोरोलाची सुलटी. बीएमपीसाठी बी-एमच्या पलीकडे दोन गोष्टी: सहाव्या जागेपासूनचे राखीव चार बाइट शून्य आहेत का, आणि चौदाव्या जागेवरचा शीर्षकाचा आकार ४०, १०८, १२४ अशा ठराविक आकड्यांपैकी आहे का. सीडीचा निरोप पहिल्याच परीक्षेत नापास झाला.

तयार पर्याय नव्हते असं नाही. पायथनच्या दस्तऐवजातच ‘फाइलटाइप’, ‘प्युअरमॅजिक’ आणि ‘पायथन-मॅजिक’ सुचवले आहेत. शेवटचं तर युनिक्सच्या ‘फाइल’ या आज्ञेमागची लायब्ररी वापरतं, आणि ती आज्ञा युनिक्समध्ये १९७३ पासून आहे. ‘फाइल’ आज्ञा मी पडताळणीला वापरली. पण मला प्रत्येक ओळीचा निकाल का लागला ते ताईंना सांगता यायला हवं होतं. शिवाय खरं सांगायचं तर एव्हाना त्यात गोडी लागली होती.

तर ११४६ पैकी चित्रं नसलेल्या १८ ओळी बाजूला गेल्या आणि बाकी ११२८ ना योग्य नाव मिळालं. ताईंना फोन केला, "झालं." त्या म्हणाल्या, "उद्या पेन ड्राइव्ह घेऊन या."

अर्धवट पडदा

वाचनालयात पातळभाजी आणि पाव मागवले होते. नाटकात पन्नास वर्षं प्रॉम्प्टर म्हणून विंगेत उभे राहिलेले एक काकाही येऊन बसले होते. मी फोटो एकेक करून दाखवू लागलो. काही ठीक होते. मग एक आला, त्यात वर झालर, दिव्यांची रांग, पडद्याचा वरचा भाग, आणि त्याखाली नुसता राखाडी पट्टा. पुढचा तसाच. त्याच्या पुढचाही.

"अरे, हे पूर्ण येऊ दे की," काका म्हणाले. "इथलं नेट स्लोच आहे."

मी म्हटलं, "काका, नेट नाही. पेन ड्राइव्हवर आहेत."

तेव्हा उलगडा झाला. गावातल्या लोकांनी संकेतस्थळावर हे फोटो कायम असेच पाहिले होते. खालचा भाग कधीच यायचा नाही आणि प्रत्येक जण नेटला बोल लावून पुढे जायचा. पावसाळ्यात वीज जाते, टॉवर बंद पडतो, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

परत जाऊन ब्लॉबचे आकार मोजले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. ३१२ ब्लॉबचा आकार अगदी एकसारखा होता: ६५,५३५ बाइट. त्याहून मोठा एकही नाही. मायएसक्यूएलमध्ये साध्या ब्लॉब रकान्याची मर्यादा तेवढीच, कारण लांबी दोन बाइटांत लिहिलेली असते. मोठे फोटो ठेवायचे तर मीडियमब्लॉब हवा, त्यात एक कोटी सदुसष्ट लाखांवर बाइट मावतात. आणि त्या काळचं मायएसक्यूएल मुळात कडक नव्हतं. मर्यादेपेक्षा मोठं काही आलं तर ते नकार देत नसे, मावेल तेवढं ठेवून बाकी कापायचं आणि एक इशारा नोंदवायचं. तो इशारा प्रोग्रॅमने मागितला तरच दिसणार. कडक पद्धत ही मूळ पद्धत झाली ती २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून. म्हणजे प्रत्येक मोठा फोटो चढवला त्याच क्षणी कापला गेला होता, आणि चढवणाऱ्याला ‘फोटो जतन झाला’ असंच दिसलं होतं.

माझं फंक्शन या ३१२ बाबतीत कुठेच चुकलं नव्हतं. जेपेगला जेपेगच म्हटलं होतं. पण पहिले ३२ बाइट वाचून कुळ कळतं, माणूस धडधाकट आहे का ते नाही. ‘पिलो’ या पायथनच्या चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीनेही मला फसवलं असतं. तिचं ‘ओपन’ आळशी आहे, शीर्षक वाचून प्रकार आणि लांबी-रुंदी सांगून मोकळं होतं. पुढे ‘लोड’ म्हणाल तेव्हाच ती चित्र खरोखर उलगडते, आणि तेव्हाच फाइल तुटकी असल्याची ओरड होते.

मग अखंडपणाची परीक्षा वेगळी लिहिली. पीएनजी नेहमी ‘आयईएनडी’ खंडाने संपतं, त्याचे शेवटचे बारा बाइट ठरलेले असतात. जेपेगचा शेवट एफएफ डी९. चित्राच्या आतल्या माहितीत कुठे एफएफ आलाच तर त्याच्या पुढे ०० घालायचा असा जेपेगचा नियम आहे, त्यामुळे तिथे एफएफ डी९ चुकून उगवत नाही. हे वाचून मी पहिल्यांदा सबंध ब्लॉबमध्ये एफएफ डी९ आहे का एवढंच शोधलं आणि तुटक्यांतल्या दोनशेच्या आसपास फाइली ‘अखंड’ ठरल्या. डोळ्यांसमोर राखाडी पट्टा आणि प्रोग्रॅम म्हणतोय अखंड.

कारण कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये दुसरं एक पूर्ण जेपेग लपलेलं असतं. एक्झिफच्या खंडात कॅमेरा छोटी प्रतिमा ठेवतो, बहुधा १६० बाय १२० बिंदूंची, मागच्या पडद्यावर पटकन दाखवायला. तिचा आरंभ एफएफ डी८, तिचा शेवट एफएफ डी९. मला सापडत होता तो या छोट्या प्रतिमेचा शेवट. आणि याचसाठी आरंभीची त्रयीही सबंध ब्लॉबमध्ये शोधायची नव्हती.

चूक सापडली तिथेच लाभही सापडला. एक्झिफचा खंड फाइलच्या अगदी पुढे असतो. खंडाची लांबीसुद्धा दोनच बाइटांत लिहायची असते, म्हणजे तोही चौसष्ट केबीच्या आसपासच थांबतो, आणि प्रत्यक्षात बराच लहान असतो. ज्या मापाने फोटो कापले, त्या मापाच्या आत छोटी प्रतिमा सुखरूप बसली होती. एक्झिफमधले ०२०१ आणि ०२०२ क्रमांकाचे टॅग तिची जागा आणि लांबी सांगतात. तुटलेल्या २७७ जेपेगपैकी १९८ मधून पूर्ण रंगमंच निघाला. तिकिटाएवढा, पण पडद्यापासून तळाच्या फळ्यांपर्यंत. फोटो काढल्याची तारीखही बरोबर आली, म्हणजे कुठल्या वर्षीचं नाटक तो वादही मिटला. उरलेल्या ७९ मध्ये एक्झिफच नव्हतं. हातोहात फिरताना कुठेतरी पुसलं गेलेलं.

प्रत्येक प्रकार आपापल्या बांधणीनुसार तुटतो, हे मला या निमित्ताने कळलं. साधं जेपेग वरून खाली लिहिलेलं असतं, म्हणून झालर उरते आणि नट जातात. चौदा जेपेग प्रोग्रेसिव्ह होती. त्यांत आधी सबंध चित्र ढोबळ लिहितात, मग फेऱ्याफेऱ्यांनी बारकावे भरतात. ती तुटूनही पूर्ण दिसली, फक्त चष्मा काढल्यासारखी. अकरा पीएनजींत वरचा भाग मिळाला. हाइकचे सहाही गेले. त्यांतून मला काही काढता आलं नाही.

टिफची गोष्ट सगळ्यांत वाईट. सातही जुन्या कृष्णधवल फोटोंचे स्कॅन, वाचनालयातल्या बुरशी आलेल्या अल्बममधले. टिफच्या चौथ्या जागेवर एक पत्ता असतो: माहितीचा तक्ता फाइलीत कुठे आहे. स्कॅनरने तो तक्ता फाइलीच्या शेवटी लिहिला होता. म्हणजे आरंभीचा पत्ता अशा जागेकडे बोट दाखवत होता, जी कापून टाकली होती. आत बिंदू आहेत, पण रुंदी किती, उंची किती, काहीच कळेना. मग अंदाज केला. ए४ पान, दीडशे डीपीआय (इंचाला दीडशे बिंदू), म्हणजे रुंदी १२४० बिंदू. तसं मांडून पाहिलं तर चित्र जुळलं. सातांत प्रत्येकी बावन्न ओळी. बावन्न ओळींत स्कॅनरच्या झाकणाची सावली आणि अल्बमच्या काळ्या कागदाची कड, एवढंच मिळालं.

आणि बीएमपी. त्याची एक जुनी रीत आहे, चित्र खालून वर लिहायची. तळाची ओळ आधी, माथ्याची शेवटी. शिवाय बीएमपी आपला पूर्ण आकार दुसऱ्या जागेपासूनच्या चार बाइटांत स्वतः सांगतं. अकराही म्हणत होती, आम्ही ९,२१,६५४ बाइटांची होतो. ६४० बाय ४८० चं रंगीत चित्र, एका ओळीला १९२० बाइट. कापल्यावर उरल्या चौतीस ओळी, आणि त्या तळाच्या. जेपेगने झालरी दिल्या होत्या, बीएमपीने पाय दिले.

पेन ड्राइव्ह दुसऱ्यांदा घेऊन गेलो तेव्हा ७९ फोटोंची यादी छापून नेली होती, वर्ष आणि वरचा तुकडा यांसह. ताईंनी ती फलकावर लावली, कुणाच्या घरी मूळ प्रत असली तर आणून द्यावी म्हणून. पहिल्या आठवड्यात सहा आल्या, एक तर लग्नाच्या अल्बममध्ये चिकटवलेली होती.

काका मात्र बीएमपींपाशी अडले. पडद्यावर एक अरुंद पट्टी होती, ऐतिहासिक नाटकाची. दोन जरीचे काठ, एक तलवारीचं टोक, आणि पायांच्या तीन जोड्या. तिसऱ्या जोडीत मोजड्यांच्या आत पांढरे मोजे.

"हे थांबव," काका म्हणाले. चष्मा पुसून पुढे झुकले. "हा सरदार नव्हे रे. आमचा तबलजी. सरदाराला ऐन वेळी ताप भरला म्हणून याला पुढे ढकलला, कपडे बदलले, मोजे काढायचे राहिले. तीन अंक मी विंगेतून याला सगळं वाक्य वाक्य सांगितलंय." मग ताईंकडे वळून म्हणाले, "त्याच्या मुलाला फोन लाव. मडगावला असतो. म्हणावं, बापाचा फोटो मिळालाय."

"काका, यात फक्त पाय आहेत," ताई म्हणाल्या.

"असू दे," काका म्हणाले. "तो ओळखील."